शून्यापासून तेरा: लुईव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची २०२४ मधील पुनर्बांधणी

१३ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठाने पुरुष बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक केनी पेन यांना पदमुक्त केले, तेव्हा त्यांच्या दोन हंगामांचा एकूण हिशेब १२ विजय आणि ५२ पराभव असा होता. आदल्याच दिवशी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या (लुईव्हिल ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते, त्या गटाच्या) स्पर्धेत नॉर्थ कॅरोलिना स्टेटने लुईव्हिलला ९४-८५ असे हरवले होते आणि ८ विजय, २४ पराभव या नोंदीवर त्यांचा हंगाम संपला होता. बरोबर एका वर्षाने हेच विद्यापीठ त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि २७ विजय व ८ पराभवांसह हंगाम संपवून मोकळे झाले. या दोन नोंदींमधल्या काळात मैदानाबाहेर जे निर्णय घेतले गेले, त्यांचा अभ्यास या लेखात केला आहे. दोन्ही संघांत शिष्यवृत्तीवर खेळणारा एकही खेळाडू समान नव्हता, आणि हीच बाब या प्रकरणाला इतर पुनर्बांधणींपेक्षा वेगळे ठरवते.

हा ऱ्हास किती खोल होता, ते समजण्यासाठी या विद्यापीठाचे बास्केटबॉलमधले स्थान आधी ध्यानात घ्यावे लागते. केंटकी राज्यातील या शहरात एनबीए या व्यावसायिक लीगचा संघ नाही. विद्यापीठाचा संघ हाच शहराचा संघ आहे, आणि ओहायो नदीकाठचे केएफसी यम सेंटर हे सुमारे २२,००० प्रेक्षकांचे सभागृह त्याच्यासाठी बांधलेले आहे. डेनी क्रम यांच्या प्रशिक्षणाखाली लुईव्हिलने १९८० आणि १९८६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. रिक पिटिनो यांच्या संघाने २०१३ मध्ये मिळवलेले अजिंक्यपद नंतरच्या चौकशीअंती २०१८ मध्ये नोंदींतून काढून टाकण्यात आले. स्वतः पिटिनो यांना २०१७ मध्ये, महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील लाचखोरीच्या संघीय तपासानंतर, जावे लागले होते. पुढे ख्रिस मॅक आले, ते २०२२ च्या जानेवारीत हंगाम अर्धवट असतानाच बाहेर पडले, आणि १९८६ च्या विजेत्या संघातून खेळलेल्या पेन यांना मोठ्या आशेने बोलावण्यात आले. त्यांच्या पहिल्या हंगामाची सुरुवात बेलरमाइन, राइट स्टेट आणि ॲपलाचियन स्टेट या तीन संघांविरुद्धच्या पराभवांनी झाली, आणि हे तिन्ही पराभव प्रत्येकी एकाच गुणाने झाले. तो हंगाम ४ विजय आणि २८ पराभवांवर थांबला. दुसऱ्या हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात केंटकी वेस्लियन या दुसऱ्या श्रेणीतील महाविद्यालयानेही लुईव्हिलला हरवले.

यावरून खेळाडूच सुमार होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. प्रशिक्षक गेल्यानंतर हे खेळाडू कुठे गेले ते पाहिले की वेगळेच चित्र दिसते. स्काय क्लार्कला यूसीएलएने घेतले, ट्रे व्हाइटला इलिनॉयने, ब्रँडन हंटली-हॅटफील्ड आणि माइक जेम्स यांना नॉर्थ कॅरोलिना स्टेटने, टाय-लॉर जॉन्सनला वेक फॉरेस्टने, तर कर्टिस विल्यम्सला जॉर्जटाउनने. नावाजलेल्या विद्यापीठांना हवेसे वाटणारे इतके खेळाडू एकाच संघात असूनही तो संघ आपल्या कॉन्फरन्समध्ये २० पैकी ३ सामने जिंकू शकला. शारीरिक क्षमता आणि शालेय काळातील लौकिक यांची कमतरता नव्हती. चेंडू कोणाच्या हाती असावा, बचावात कोणी कोणाच्या मदतीला धावावे आणि सामना अटीतटीला आल्यावर निर्णय कोणी घ्यावा, या साध्या प्रश्नांची पक्की उत्तरे मात्र त्या संघाकडे नव्हती. नव्या प्रशिक्षकाने हे निदान कसे केले असेल, हे त्याच्या शब्दांपेक्षा त्याने निवडलेल्या माणसांवरून अधिक स्पष्ट होते, आणि म्हणूनच पुढील विवेचनात निवडीला सर्वाधिक जागा दिली आहे.

नियमांनी उघडलेले दार

अवघा संघ एका उन्हाळ्यात बदलणे दहा वर्षांपूर्वी शक्यच नव्हते. पूर्वी एका विद्यापीठातून दुसरीकडे गेलेल्या बास्केटबॉलपटूला साधारणपणे एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागे, त्यामुळे नव्या प्रशिक्षकाला जुन्या संघाशीच दोन-तीन वर्षे जुळवून घ्यावे लागे आणि हळूहळू शालेय खेळाडूंची भरती करावी लागे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी सुरू केली; २०२१ मध्ये प्रत्येकाला एकदा न थांबता स्थलांतर करण्याची मुभा मिळाली; त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला; आणि एका न्यायालयीन आदेशानंतर २०२४ च्या एप्रिलमध्ये स्थलांतरांच्या संख्येवरील मर्यादाही उठली. अभ्यासक्रमातील प्रगतीची अट पाळली की खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो, अशी स्थिती नेमकी याच उन्हाळ्यात प्रथमच निर्माण झाली होती.

महासाथीमुळे मिळालेल्या सवलतीचाही इथे विचार करायला हवा. २०२०-२१ चा हंगाम कोणाच्याही चार वर्षांच्या पात्रतेत मोजला गेला नाही. त्यामुळे त्या वर्षी दाखल झालेले विद्यार्थी २०२४-२५ मध्ये पाचव्या वर्षाचे खेळाडू म्हणून उपलब्ध होते, आणि अशा मोठ्या तुकडीचे ते शेवटचे वर्ष होते. अनुभवी खेळाडूंचा बाजार पुन्हा इतका भरलेला असण्याची शक्यता कमी होती.

मराठी वाचकाला यावरून आयपीएलच्या लिलावाची आठवण होईल, परंतु साम्य वरवरचे आहे. तिथे प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, बोली उघडपणे लागते आणि हातोडा पडला की व्यवहार संपतो. अमेरिकी महाविद्यालयीन खेळात २०२४ मध्ये ना थैलीला मर्यादा होती, ना बोली उघड होती. लुईव्हिलपुरते बोलायचे तर ‘५०२ सर्कल’ या समर्थकांच्या संस्थेमार्फत खेळाडूंच्या करारांची व्यवस्था होत असे. शिवाय शेवटचा शब्द खेळाडूचा असतो. तो पैसा पाहतो, प्रशिक्षक पाहतो, आपल्याला किती मिनिटे खेळायला मिळतील तेही पाहतो, आणि मग ठरवतो. त्या वर्षी पोर्टलमध्ये नाव नोंदवण्याची खिडकी १८ मार्च ते १ मे अशी ४५ दिवसांची होती. लुईव्हिलने नवा प्रशिक्षक जाहीर केला तो २८ मार्चला.

प्रशिक्षकाची निवड

पॅट केल्सी हे त्या वेळी राष्ट्रीय पातळीवरचे मोठे नाव नव्हते. सिनसिनाटीत वाढलेले केल्सी झेव्हियर विद्यापीठाकडून खेळले, वेक फॉरेस्ट आणि झेव्हियर येथे सहायक म्हणून राहिले, नंतर विन्थ्रॉप येथे नऊ हंगाम आणि कॉलेज ऑफ चार्ल्स्टन येथे तीन हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. चार्ल्स्टनने २०२२-२३ मध्ये ३१ विजय आणि ४ पराभव अशी कामगिरी केली, आणि २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे आपल्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवून राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश केला. त्यांची खेळाची पद्धत ठरलेली होती: वेगवान आक्रमण, मोठ्या प्रमाणावर तीन गुणांचे नेम, आणि राखीव बाकावरच्या खेळाडूंना सढळ हाताने संधी.

या शेवटच्या सवयीला माझ्या मते फार महत्त्व आहे, कारण लहान विद्यापीठात दरवर्षी चांगले खेळाडू मोठ्या विद्यापीठांकडे जातात आणि प्रशिक्षकाला दर उन्हाळ्यात संघ नव्याने जुळवावा लागतो. म्हणजे लुईव्हिलला ज्या कौशल्याची निकड होती, ते केल्सी चार्ल्स्टनमध्ये दर वर्षी वापरत होते. मोठ्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकाकडे प्रतिष्ठा असते. लहान ठिकाणच्या प्रशिक्षकाकडे अशा तातडीच्या जुळवाजुळवीचा सराव असतो. प्रशासनाने हेच हेरून निवड केली की अन्य पर्याय हातचे गेल्यामुळे, हे बाहेरून सांगता येत नाही. निवड मात्र परिस्थितीला साजेशी होती यात शंका नाही.

केल्सींनी चार्ल्स्टनमधले काही सहकारी सोबत आणले आणि २०१३ च्या संघाचा गार्ड (चेंडू हाताळत बास्केटपासून दूर खेळणारा खेळाडू) पेटन सिवा यालाही आपल्या चमूत घेतले. माजी खेळाडूंशी तुटलेला धागा जोडण्यासाठी हे गरजेचे होते, कारण आधीचा प्रशिक्षकही याच विद्यापीठाचा जुना खेळाडू होता आणि त्याच्या अपयशाने माजी खेळाडूंमध्ये कडवटपणा आला होता.

तेरा जागा, तेरा माणसे

त्या काळच्या नियमानुसार पुरुष बास्केटबॉल संघाला १३ शिष्यवृत्त्या देता येत. जुन्या संघातील एकही शिष्यवृत्तीधारक थांबला नाही, म्हणजे तेराच्या तेरा जागा रिकाम्या होत्या. वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत त्या भरल्या गेल्या: बारा खेळाडू इतर विद्यापीठांतून आले आणि शालेय पातळीवरून थेट आलेला खेळाडू एकच होता, खानी रूथ्स.

या तेरा जणांकडे पाहताना प्रथम तीन चार्ल्स्टनकर वेगळे काढावे लागतात. टास्मानियात वाढलेला नेमबाज रेन स्मिथ, उंच आणि चपळ सेंटर (बास्केटपाशी खेळणारा) जेम्स स्कॉट, आणि गार्ड कोबी रॉजर्स हे तिघे प्रशिक्षकासोबतच आले. त्यातला स्कॉट तर महाविद्यालयात एकच वर्ष खेळलेला होता. चार्ल्स्टनच्या कॉन्फरन्सचा दर्जा पाहता हे खेळाडू लुईव्हिलसाठी कमी पडतील अशी शंका घेणे स्वाभाविक होते. पण ज्या संघात कोणीच कोणाला ओळखत नाही, तिथे प्रशिक्षकाची पद्धत आधीच अंगवळणी पडलेले दोन-तीन खेळाडू असणे ही फार मोठी सोय असते. सराव चालू असताना कोणत्या इशाऱ्यावर कोणी कुठे धावायचे, हे प्रशिक्षक शंभरदा सांगू शकतो; तेच शेजारचा खेळाडू करून दाखवतो तेव्हा इतरांना ते एका आठवड्यात कळते. शिवाय स्मिथ आणि स्कॉट यांच्या भूमिका अगदी स्पष्ट होत्या. एकाने लांबून नेम धरून बचावपटूंना बाहेर खेचायचे, दुसऱ्याने बास्केटपाशी उंच पास झेलायचे आणि समोरच्याचे फटके अडवायचे. दोघांनाही चेंडू फार वेळ हातात लागत नाही, म्हणून त्यांच्यामुळे इतर कोणाच्या वाट्याला काही कमी येत नव्हते.

दुसरी आणि माझ्या दृष्टीने निर्णायक निवड पॉइंट गार्डची, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची. चकी हेपबर्न विस्कॉन्सिन येथे तीन हंगाम सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत खेळलेला, नेब्रास्काचा गार्ड. विस्कॉन्सिनची पद्धत संथ. तिथे चेंडू अनेकांच्या हातांतून फिरतो. शेवटच्या वर्षी त्याची सरासरी सामन्याला नऊ गुणांच्या आसपास होती. नुसते आकडे चाळणाऱ्याच्या नजरेतून असा खेळाडू सहज निसटला असता. परंतु बिग टेन कॉन्फरन्समधल्या दणकट गार्डांसमोर तीन वर्षे उभा राहिलेला, चेंडू सहसा न गमावणारा आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातातून तो काढून घेणारा हा माणूस, जुन्या लुईव्हिल संघात नेमके जे नव्हते तेच घेऊन येत होता. नव्या पद्धतीत चेंडू सतत त्याच्या हाती राहिला, त्याची सरासरी सोळा गुणांच्या वर गेली, आणि हंगामाअखेर तो कॉन्फरन्सचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. कमी आकड्यांमागे क्षमतेचा अभाव आहे की भूमिकेची मर्यादा आहे, हा फरक ओळखणे हे या संपूर्ण कामातील सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि इथे ते अचूक साधले गेले.

त्याच्या जोडीला टेरेन्स एडवर्ड्स ज्युनिअर आला. जेम्स मॅडिसन विद्यापीठात चार हंगाम खेळलेला एडवर्ड्स २०२३-२४ मध्ये सन बेल्ट कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि त्याच्या संघाने त्या वर्षी ३२ सामने जिंकले होते. योगायोग असा की २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत जेम्स मॅडिसनने विस्कॉन्सिनला ७२-६१ असे बाहेर काढले होते. म्हणजे एडवर्ड्स आणि हेपबर्न त्या रात्री एकमेकांसमोर होते आणि काही आठवड्यांतच एका संघाचे झाले.

उरलेल्या जागा पाहिल्या तर एक विशिष्ट आकाराचा खेळाडू पुन्हा पुन्हा दिसतो. कोलोरॅडोचा जेव्हॉन हॅडली, साउथ फ्लोरिडाचा कसीन प्रायर, ब्रिगहॅम यंगचा नोआ वॉटरमन, लाँग बीच स्टेटचा अबुबकर ट्राओरे हे सगळे मध्यम ते उंच बांध्याचे फॉरवर्ड, म्हणजे गार्ड आणि सेंटर यांच्या मधल्या जागांवर खेळणारे. प्रत्येकजण दोन जागांवर खेळू शकणारा, बचावात गार्डसमोरही टिकणारा. वॉशिंग्टनचा गार्ड कोरेन जॉन्सन, जॉर्जियाचा उंच खेळाडू फ्रँक अँसेलेम-इबे, आणि ब्रिगहॅम यंगचाच उत्तम पास देणारा सेंटर अली खलिफा यांनी यादी पूर्ण झाली. खलिफाच्या गुडघ्यावरील शस्त्रक्रियेमुळे तो या हंगामात खेळणार नव्हता, तरीही त्याला घेण्यात आले. तेरापैकी एक जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याचा हा निर्णय, सगळे काही याच वर्षी जिंकायचे दडपण असताना घेतलेला, मला विशेष उल्लेखनीय वाटतो.

या यादीत आणखी एक सूत्र आहे. चार्ल्स्टन, जेम्स मॅडिसन, विस्कॉन्सिन, कोलोरॅडो, ब्रिगहॅम यंग आणि लाँग बीच स्टेट हे सहाही संघ २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेले होते. बारापैकी नऊ स्थलांतरित खेळाडू याच सहा संघांतून आले. प्रायरचा साउथ फ्लोरिडा संघ त्या स्पर्धेत नव्हता, पण तोही आपल्या कॉन्फरन्सच्या साखळीत अव्वल आला होता. पोर्टलमध्ये हरलेल्या संघांतील भरपूर गुण करणारे खेळाडू नेहमीच पुष्कळ असतात, कारण कोणीतरी गुण करावेच लागतात. त्यांचे आकडे मोठे दिसतात आणि त्यांची किंमतही मोठी असते. लुईव्हिलने तो मोह टाळून, जिंकणाऱ्या संघात आपला वाटा उचललेल्यांना पसंती दिली. सलग दोन वर्षे हरण्याची सवय लागलेल्या वास्तूत बाहेरून जिंकण्याची सवय आणण्याचा याहून सरळ मार्ग नव्हता.

उन्हाळा आणि पहिली कसोटी

एनसीएएच्या नियमांनुसार उन्हाळ्यातील सरावाचे तास मोजून मिळतात. मात्र कोणत्याही संघाला चार वर्षांतून एकदा परदेश दौरा करता येतो आणि त्याच्या तयारीसाठी दहा जादा सराव सत्रे मिळतात. लुईव्हिलने ही संधी २०२४ च्या उन्हाळ्यातच वापरून बहामाचा दौरा केला. तेरा अनोळखी माणसांच्या संघासाठी ती सत्रे कोणत्याही एका खेळाडूइतकी मोलाची होती, असे म्हणायला हरकत नाही.

हंगाम सुरू झाला आणि आखणी कागदावरच राहते की काय अशी वेळ आली. कोरेन जॉन्सनचा खांदा दोनच सामन्यांनंतर शस्त्रक्रियेपर्यंत गेला. ट्राओरेचा हात मोडला आणि त्याला बरेच सामने बाहेर बसावे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस, योगायोगाने बहामातच झालेल्या स्पर्धेत, लुईव्हिलने इंडियानाला ८९-६१ असे सहज हरवले, वेस्ट व्हर्जिनियाला जादा वेळेत नमवले, परंतु ओक्लाहोमाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पराभवासोबत प्रायरच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. त्यानंतर मिसिसिपी, ड्यूक आणि केंटकी यांच्याकडून पराभव झाले. १४ डिसेंबरला केंटकीने ९३-८५ असे हरवले तेव्हा लुईव्हिलची नोंद ६ विजय, ५ पराभव अशी होती. सुरुवातीला टेनेसीकडून २२ गुणांनी झालेला पराभवही लोक विसरले नव्हते.

पुढील बावीस सामन्यांपैकी एकवीस लुईव्हिलने जिंकले. नववर्षाच्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनाला ८३-७० आणि आठवडाभरात क्लेमसनला ७४-६४ असे हरवून त्यांनी सलग दहा विजय मिळवले, जॉर्जिया टेककडे एक सामना गमावला आणि पुन्हा सलग अकरा जिंकले. कॉन्फरन्समधील २० पैकी १८ सामने जिंकणाऱ्या या संघाच्या प्रशिक्षकाला वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा सन्मान मिळाला. कॉन्फरन्स स्पर्धेत स्टॅनफर्डविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी हेपबर्नने केलेल्या गुणांवर ७५-७३ असा विजय मिळाला, क्लेमसनवर ७६-७३ अशी मात झाली, आणि अंतिम सामन्यात मात्र ड्यूकने ७३-६२ अशी बाजी मारली.

हे परिवर्तन कशाने झाले? दुखापतींनंतर पहिल्या पाचांत हेपबर्न, स्मिथ, एडवर्ड्स, हॅडली आणि स्कॉट हे स्थिर झाले. हॅडली त्या जागेसाठी ठेंगणा होता. साडेसहा फुटांच्या खेळाडूने त्याच्यापेक्षा उंच फॉरवर्डांना अडवायचे होते. पण त्याच्या येण्याने पाचही जण वेगाने धावणारे झाले, बचावात जागा अदलाबदल करणे सोपे झाले, आणि केल्सींची पद्धत अधिकच धारदार झाली. एकाच साच्याचे अनेक फॉरवर्ड घेतल्याबद्दल उन्हाळ्यात प्रश्न विचारता आला असता. डिसेंबरात तीच पुनरुक्ती संघाला तारून गेली, कारण एक गेला तर दुसऱ्याला त्याच्या जागी उभे करताना पद्धत बदलावी लागली नाही. प्रत्येक जागेसाठी एकेकच वेगळा आणि अनन्य खेळाडू घेतला असता, तर प्रायरच्या दुखापतीने सगळा डाव मोडला असता.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण

तुलनेसाठी दूर जाण्याची गरज नाही. मिशिगन विद्यापीठाचा संघही २०२३-२४ मध्ये नेमका ८ विजय आणि २४ पराभवांवर अडकला होता. जुवान हॉवर्ड यांना काढून तिथे फ्लोरिडा अटलांटिकचे डस्टी मे यांना आणले गेले. त्यांनी मात्र पाटी पूर्ण कोरी केली नाही. निमारी बर्नेट आणि विल चेटर यांना टिकवले, फ्लोरिडा अटलांटिकचा आपला सात फुटांवरचा सेंटर व्लादिस्लाव गोल्डिन सोबत आणला, आणि येल विद्यापीठातून डॅनी वुल्फ हा दुसरा सात फुटी खेळाडू घेतला. दोन सात फुटी खेळाडू एकत्र खेळवणे आजच्या वेगवान खेळात जुनाट समजले जाते. मे यांनी वुल्फच्या हाती चेंडू देऊन त्याच्याकडून गार्डचे काम करवले आणि प्रतिस्पर्ध्यांपुढे नवेच कोडे टाकले. मिशिगननेही २७ सामने जिंकले, बिग टेन स्पर्धेचे विजेतेपद मिळवले आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांपर्यंत मजल मारली. लुईव्हिलचा एकमेव नवशिका रूथ्स हा आधी मिशिगनसाठी करारबद्ध झालेला होता, ही दोन्ही प्रकरणांना जोडणारी आणखी एक गाठ.

दोघांच्याही मुळाशी समान गोष्ट आहे: प्रशिक्षकाला आधीपासून ओळखणारा मोक्याचा खेळाडू, आणि चेंडू कोणाच्या हाती राहील याचा पक्का निर्णय. फरक उंचीच्या वापरात आहे. मिशिगनने एक दुर्मीळ खेळाडू शोधून पद्धत त्याच्याभोवती बांधली. लुईव्हिलने पद्धत आधी ठरवून तिच्यात बसणारी माणसे जमवली. पहिल्या मार्गाची उंची अधिक असू शकते, पण वुल्फ दुखापतग्रस्त झाला असता तर मिशिगनकडे त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

जे साधले नाही

राष्ट्रीय स्पर्धेसाठी लुईव्हिलला आठवे मानांकन मिळाले. २७ सामने जिंकलेल्या संघासाठी ते अन्यायकारक आहे अशी ओरड झाली, आणि ती समजण्यासारखी असली तरी मला पूर्णतः पटत नाही. त्या वर्षी अठरा संघांच्या या कॉन्फरन्समधून केवळ चार संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले, म्हणजे अठरा विजयांतले बरेचसे दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरचे होते. तर टेनेसी, ओक्लाहोमा, मिसिसिपी आणि केंटकी या बाहेरच्या बळकट संघांशी झालेले चारही सामने गमावलेले होते. नव्याने जुळलेला संघ नोव्हेंबर-डिसेंबरात कच्चा असतो, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत कॉन्फरन्सबाहेरचे महत्त्वाचे सामने होतात. संपूर्ण नव्या संघाला ही किंमत चुकवावीच लागते. २० मार्च २०२५ रोजी लेक्सिंग्टनमध्ये, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी केंटकीच्याच सभागृहात, क्रेटनने लुईव्हिलला ८९-७५ असे हरवून पहिल्याच फेरीत बाहेर काढले.

आणि त्यानंतर काही दिवसांतच सगळा खटाटोप पुन्हा सुरू झाला, कारण अनुभवी खेळाडू घेण्याची दुसरी बाजू अशी की ते जातातही लवकर. हेपबर्न, एडवर्ड्स आणि स्मिथ यांची पात्रता संपली. स्कॉट मिसिसिपीकडे गेला. मात्र २०२५ चा उन्हाळा २०२४ सारखा रिकामा नव्हता. अमेरिकेतील दोन वर्षांच्या ‘ज्युनिअर कॉलेज’मध्ये खेळलेल्यांना मिळालेल्या जादा वर्षाच्या सवलतीमुळे हॅडली आणि प्रायर थांबू शकले, रूथ्स आणि रॉजर्सही राहिले, आणि खलिफासाठी राखलेली जागा आता कामी येणार होती. झेव्हियरचा रायन कॉन्वेल, व्हर्जिनियाचा आयझॅक मॅकनीली आणि केनेसॉ स्टेटचा एड्रियन वूली हे तिघे गार्ड बाहेरून आले, जर्मनीतून सनांदा फ्रू हा उंच खेळाडू आला. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंमध्ये थेट महसूल वाटण्याची परवानगी मिळाली, पहिल्या वर्षी सर्व खेळांसाठी मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरच्या मर्यादेत, आणि बास्केटबॉल संघाची कमाल संख्या पंधरावर गेली. या नव्या व्यवस्थेत लुईव्हिलने हेपबर्नची जागा पोर्टलमधल्या एखाद्या चार वर्षे मुरलेल्या गार्डकडे सोपवली नाही. ती जागा मिकेल ब्राउन ज्युनिअर या शाळेतून थेट आलेल्या खेळाडूसाठी ठेवली होती, आणि त्याचा करार झाला होता २०२४ च्या नोव्हेंबरात, जेव्हा पहिल्या वर्षाचे निकाल अजून कोणाच्याच हाती नव्हते.